दुसरी आंघोळ

"शार्प स्क्रॅच," मीनाक्षी म्हणाली, आणि म्हणेपर्यंत सुई बाहेरही आली होती. खुर्चीतले आजोबा मात्र डोळे घट्ट मिटून अजून वाट बघत बसले होते.

"झालं, मिस्टर डॉसन. डोळे उघडलेत तरी चालेल."

"इतक्यात?" आजोबांनी आपल्याच दंडाकडे संशयाने पाहिलं. "पहिल्या डोसालाही तुम्हीच होतात ना? तेव्हाही मला कळलं नव्हतं." मग शर्टाची बाही खाली ओढता ओढता, हवेविषयी बोलावं तशा सुरात ते म्हणाले, "माझ्या बायकोला, पॅटला, ही लस मिळायला हवी होती. ती सुयांना माझ्यापेक्षा कमी घाबरायची."

मीनाक्षीने त्यांच्या बाहीचं बटण लावून दिलं. कॉव्हेंट्रीतल्या या चर्चच्या हॉलमध्ये जानेवारीपासून ती कोविडची लस टोचत होती आणि अशी बटणं तिने पुष्कळ लावली होती. निवृत्त होऊन घरी बसलेल्या नर्सेसना परत बोलावणं आलं, तेव्हा तिने पूर्वीला, म्हणजे तिच्या मुलीला, विचारलंसुद्धा नव्हतं. जानेवारीत बर्फ पडत असताना म्हातारी माणसं काठ्या टेकत यायची. कुणी लग्नाला घालायचा कोट घालून, कुणी मास्कच्या आत लिपस्टिक लावून. कित्येक महिन्यांनी घराबाहेर पडायला मिळालं, तर नीटनेटकं जायला नको का? त्या माणसांना समजावून सांगायची वेळ तिच्यावर क्वचितच आली. प्रत्येकाच्या माहितीतलं कुणी ना कुणी गेलेलं होतं. लसीची भीती वाटायला त्यांच्या मनात जागाच उरली नव्हती.

एप्रिल संपत आला होता आणि आता दुसऱ्या डोसांची रांग चालू होती. चहाच्या सुट्टीत तिने हातमोजे काढले आणि फोन बघितला. दादाने सिडनीहून फोटो पाठवले होते. एक नाही, चांगले डझनभर. नातवाची, अर्णवची मुंज. हॉलमध्ये टेबलांच्या रांगा, केळीच्या पानांच्या आकाराचे कागद, त्यावर मसालेभाताच्या मुदी, आणि मधोमध दादा. पुरुषोत्तम, तिचा थोरला भाऊ, सोवळ्यात, एक गाल जिलबीने फुगलेला. मागे माणसं एकमेकांना खेटून उभी. मीनाक्षी एकेका फोटोत चेहरे मोजावेत तशी नाकं बघत राहिली. सगळ्यांची नाकं उघडी होती.

तिने फोन लावला.

"बघितलेस का?" दादाचा आवाज खुशीत होता. "सत्तर पानं उठली. जिलबी सुमनच्या देखरेखीखाली. केटरर बिचारा रडकुंडीला आला."

"एकाच्याही तोंडाला मास्क नाही रे."

"मास्क लावून जिलबी कुठून खायची? कानातून?"

ती हसली. दादाशी बोलताना तिला हसू यायचंच, साठी उलटली तरी. मग तिने मुद्द्याला हात घातला. "लस घेतलीस का?"

"घेऊ गं."

"घेऊ म्हणजे कधी?"

"डॉक्टर म्हणाले हवी तर आज घ्या. मी म्हटलं, बघू."

"बघू म्हणजे काय बघायचंय?"

"हे बघ मीनू." दादाने घसा साफ केला. वीज मंडळात उभी हयात गेली होती, समजावून सांगायला लागला की अजूनही वायरमन समोर उभे असल्यासारखा बोलायचा. "आग कुठे लागली? तुमच्याकडे. मग बंब आधी कुणाच्या दारात जाणार? आमच्या गल्लीत धूरसुद्धा नाही. तुमच्या लोकांना घाई होती, त्यांनी झटपट परवानग्या दिल्या, भारंभार मागणी नोंदवली. इथे म्हणाले, आधी त्यांना टोचून घेऊ दे, आपण बघू, मग सावकाश ठरवू. पाहुणे यायचेच नसतील तर हंडाभर भात कशाला लावायचा?"

"आणि पाहुणे आले तर?"

"आले तर आले. तोवर ती दुसऱ्या कंपनीची पण येतेय. अनुप म्हणतो, बाबा, थांबा. ही जी आहे ना, तिने होणाऱ्या रक्ताच्या गुठळ्यांचं टीव्हीवर रोज दाखवतात."

"मी तीच टोचतेय दादा. आत्ताच टोचून आले. मी पण तीच घेतलीय."

"तुमचं वेगळं गं," दादा म्हणाला. त्यात दुष्टावा नव्हता, मायाच होती. "तुमच्याकडे इलाज नव्हता."

मग तिने त्याचंच हत्यार काढलं. "पावसाळ्याआधी तारांवरच्या फांद्या तोडा म्हणून तूच ओरडायचास ना आयुष्यभर? तार तुटल्यावर कुऱ्हाड शोधतात म्हणून साहेबांशी भांडायचास."

"पाऊस पडतो तिथे," दादा म्हणाला आणि पुन्हा जिलबीकडे वळला.

---

राजीव जायला तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं.

राजीव आधी दादाचा मित्र होता आणि मग मीनाक्षीचा नवरा. सांगलीला इंजिनियरिंगला दोघे एका खोलीत राहायचे. सुट्टीत दादा त्याला घरी घेऊन यायचा, तेव्हा परकरपोलक्यातली मीनाक्षी त्याला राजीवदादा म्हणायची. लग्न ठरल्यावर तो दादा गाळायला तिला फार जड गेलं, आणि राजीवने त्यावरून तिची आयुष्यभर चेष्टा केली. नोकरीच्या निमित्ताने तो कॉव्हेंट्रीला आला, मोटारींच्या कारखान्यात रमला, मीनाक्षी इथे नर्सिंग शिकली, पूर्वी इथेच जन्मली. कोणी पाहुणे आले की राजीव एक गोष्ट हटकून सांगायचा. कृष्णेच्या डोहात तो बुडत होता आणि पुरूने, म्हणजे दादाने, त्याला केसाला धरून बाहेर ओढला. "तेव्हा केस होते म्हणून वाचलो," असं म्हणून तो टकलावरून हात फिरवायचा. पाहुणे हसायचे. पूर्वीला ही गोष्ट तोंडपाठ होती.

मार्चमध्ये राजीव आजारी पडला आणि एप्रिलमध्ये गेला. त्या पहिल्याच लाटेत, जेव्हा कुणाला काही नीट ठाऊकही नव्हतं.

दादाला तिने फोनवर सांगितलं, "झोपेतच गेले. त्रास असा काही झाला नाही."

दादाच्या हृदयात आधीच्याच वर्षी स्टेंट बसवला होता. लांब राहणाऱ्या, वय झालेल्या माणसाला सगळं सांगायचं नसतं, हे मीनाक्षीला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. तिच्या आईनेही वडिलांचं आजारपण तिला पत्रातून निम्मंच कळवलं होतं. आपल्या घरांमधून वाईट बातमी नेहमी गाळूनच येते, आणि त्यात मायाच असते. सुमनवहिनीने नंतर सांगितलं की दादाने फोन ठेवला आणि तो तडक आंघोळीला गेला. एक बादली. बाहेर येऊन देवापाशी दिवा लावून बसला. "शांतपणे गेला हे बरं झालं," एवढंच दोनदा म्हणाला, मग रात्री जेवलासुद्धा नीट.

या एका बादलीचीही एक गंमत होती. सिडनीच्या त्या चकचकीत बाथरूममध्ये दादाने प्लास्टिकची बादली आणि मग आणून ठेवला होता. शॉवर त्याला मान्य नव्हता. घरातलं कुणी शॉवरखाली जरा जास्त वेळ उभं राहिलं की हा बाहेरून दार वाजवायचा. "माणसाला एक बादली पुरते. त्याच्यावर जे जातं ते गटारात." अनुपची बायको त्यावरून मागे सासऱ्यांची नक्कल करायची. मीनाक्षी हे सगळं ऐकून होती.

---

जून उजाडला तरी दादा "बघू"वरच होता. रोज बोलणं व्हायचं आणि रोज मीनाक्षी विषय काढायची. तिने वैद्यकीय कारणं सांगितली, आकडे सांगितले, धाकटी असून रागावली. दादा सगळं ऐकून घ्यायचा आणि शेवटी तिला, आज भाजी काय केलीस, असं विचारायचा.

"ममा, तू चिडू नको ना," पूर्वी एका संध्याकाळी म्हणाली. ती घरूनच काम करत होती, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप आणि त्याच्या बाजूला कोथिंबीर. "इट्स नॉट जस्ट मामा. त्यांच्याकडे केसेस नव्हता ना, म्हणून लस पण लेट आला. जिथे लोक मरत होते त्यांनी आधी ऑर्डर केलं, आधी साइन केलं. जिथे नव्हते ते म्हणाले, वेट अँड सी. न्यूझीलंडला पण तसंच झालं."

"पण आता आलीय ना? समोर बाटली ठेवलीय, डॉक्टर घ्या म्हणतोय. दादाला दिसत का नाही?"

"कारण त्याला भीती नाही वाटत."

"लहान आहे का तो?"

"भीती बघून वाटते ना, ममा. त्याने काय बघितला?" पूर्वीने लॅपटॉप मिटला. थोडा वेळ ती टेबलावरच्या कोथिंबिरीच्या काड्या एका रेषेत लावत बसली. मग हळू आवाजात म्हणाली, "आपण त्याला सांगितलाच नाही."

मीनाक्षी उठून गॅसपाशी गेली. उकळी आलेली नव्हती तरी आमटी ढवळत राहिली. मुलीचं बोलणं तिला टोचलं, कारण ते खरं होतं. टीव्हीवरच्या बाईने सांगितलेलं मरण हे कुणाच्याच घरातलं मरण नसतं. दादाच्या त्या सुरक्षित, लख्ख उन्हाच्या गावात एकच माणूस खरी बातमी पोचवू शकत होतं, आणि तिने तीच बातमी मऊ करून पाठवली होती.

पण ती केवळ तिची मर्जी नव्हती. राजीवने तिच्याकडून तसा शब्द घेतला होता. त्याच्याशी झालेलं तेच शेवटचं बोलणं. संसारभर त्याने तिच्याकडे फारसं काही मागितलं नव्हतं, चहात साखर जास्त घाल याखेरीज. तो शब्द मोडायचा म्हणजे त्याची तेवढी उरलेली गोष्टही हातातून सोडायची. आणि दादाच्या छातीत ती तारेची जाळी. ऐकून त्यालाच काही झालं तर?

तिने आमटीत मीठ दोनदा घातलं. पूर्वीने न बोलता खाल्ली.

---

त्याच आठवड्यात सिडनीत काही केसेस सापडल्याची बातमी आली. मग आणखी काही. शनिवारी हॉलमधून बाहेर पडायच्या वेळेला एक बाटली उरली होती.

ही रोजचीच कसरत होती. एकदा बाटलीला सुई लागली की काही तासांत ती संपवायची, नाहीतर फेकून द्यायची. म्हणून दिवस संपत आला की दारावरची स्वयंसेवक मुलं फोन लावत बसायची, कोण जवळ राहतं, कोण धावत येईल. हिवाळ्यात अशा एका डोससाठी माणसं स्लिपर घालून बर्फातून पळत आली होती. एक टॅक्सीवाला गिऱ्हाईकाला गाडीतच बसवून आला होता. आता ज्यांना ही लस द्यायची त्या वयाची बहुतेक माणसं घेऊन झाली होती आणि तरुणांना दुसरी देत होते. त्या दिवशी सगळे फोन करून झाले. बाटलीत एक डोस शिल्लक होता.

"मीनाक्षी, जाऊ दे," मुख्य नर्स म्हणाली. "लिहून टाक वाया."

मीनाक्षीने बाटली दिव्यासमोर धरली. तळाशी थोडंसं पाणी दिसत होतं. रंग नाही, वास नाही. दादाच्या दंडात जायला हवं होतं ते एवढंच. तिला वाटलं, हे पदरात बांधून न्यावं, देवळातला प्रसाद नेतात तसं, आणि दादाच्या दारात उभं राहून म्हणावं, हात कर पुढे. तिने बाटली पिवळ्या डब्यात टाकली. तिचा टक् असा आवाज झाला. इतके महिने ती हे काम करत होती, माणसं समोर रडली तरी तिच्या डोळ्यांत कधी पाणी आलं नव्हतं. त्या दिवशी मात्र ती गाडीत बसून रडली. मोठ्याने, नाक ओढत, कुणी बघेल याची पर्वा न करता रडली.

रविवारी सकाळी तिने चहा केला आणि राजीवच्या खुर्चीसमोर बसून व्हिडिओ फोन लावला. तिथे दुपार टळत आली होती. वहिनीने उचलला.

"अगं मीना, आज सकाळीच? थांब हं, हे बाहेर कुंड्यांपाशी आहेत. अहो, मीनाचा फोन."

दादा आला. स्वेटर, माकडटोपी, हाताला माती. तिथे थंडी सुरू झाली होती. फोन टेबलावर कशालातरी टेकवून तो समोर बसला. "बोल. आणि लशीचं सोडून बोल."

"लशीचं नाही बोलायचं," मीनाक्षी म्हणाली. "यांच्याबद्दल बोलायचंय."

"कुणाबद्दल? राजाबद्दल?" दादाचा चेहरा लगेच मवाळ झाला. "बोल की."

"दादा, हे झोपेत नाही गेले."

मागे वहिनी कांदा चिरत होती, तिचा हात थांबलेला दिसला.

मीनाक्षीने सगळं सांगितलं. ठरवून ठेवलं होतं तसं नाही, जसं आठवलं तसं. अँब्युलन्सवाले दारात उभे राहिले तेव्हा राजीवने स्वतःच्या हाताने बूट घातले, नाडी बांधायला खाली वाकला आणि तसाच वाकून राहिला, श्वास येईपर्यंत. तिला त्यांनी बरोबर येऊ दिलं नाही. ज्या नर्सने जन्मभर दुसऱ्यांच्या नवऱ्यांचे हात धरले, ती दारात कठड्याला धरून उभी राहिली. नंतर रोज दवाखान्यातली एक मुलगी टॅब्लेटवर व्हिडिओ फोन लावून तो राजीवसमोर धरायची. चेहऱ्याला घट्ट बसवलेलं यंत्र. दोन शब्द बोलायचे आणि थांबायचं. पुन्हा दोन शब्द.

"तुला तो डोह आठवतो ना?" तिने विचारलं. "तू ह्यांना बाहेर काढलंस तेव्हा कसे दिसत होते, तूच सांगायचास. डोळे मोठे, तोंड उघडं, हात काहीतरी धरायला बघतायत. तसेच दिसत होते दादा. रोज. फक्त पाणी नव्हतं. आणि मला हात घालून ओढता येत नव्हतं."

दादाने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"शेवटी बोलले ते तुझंच. घशात नळी घालायच्या आधी. म्हणाले, पुरूला सांगू नको. मी म्हटलं, का हो? तर म्हणाले, घाबरेल." मीनाक्षीने चहाचा कप बाजूला सरकवला. "म्हणून नाही सांगितलं. त्यांनी नको म्हटलं होतं. आज त्यांचा शब्द मोडला मी. पण तू घाबरावंस म्हणूनच मोडला. मला आता तुला टॅब्लेटवर नाही बघायचं रे. मला नाही जमणार ते परत."

पूर्वी जिन्यात येऊन बसली होती, पायजम्यावरच, गुडघ्यांत हनुवटी घालून. सिडनीत कुठेतरी कुत्रं भुंकलं.

"त्याचं काय ऐकायचं," शेवटी दादा म्हणाला. "मला फोन करायचास. तो माझ्यापेक्षा लहान होता. त्याचं कसलं ऐकायचं?"

"तुझी तब्येत—"

"मी काय केलं असतं, नुसता बोललो असतो. अरे राजा, हळू श्वास घे, म्हटलं असतं. डोहातून बाहेर काढल्यावर म्हटलं होतं तेच. त्याने ऐकलं असतं माझं." तो थांबला. हाताची माती त्याने दुसऱ्या हाताने चोळून काढायचा प्रयत्न केला, ती निघेना. "मी इथे जेवत होतो मीनू. शांतपणे गेला म्हणून मी पोटभर जेवलो त्या दिवशी."

"तुला माहीत नव्हतं ना."

"नव्हतं." त्याने मान हलवली. "इथे कुणालाच काही माहीत नाही."

मग तो वहिनीकडे वळला. "सुमन, उद्या सकाळी उघडल्या उघडल्या डॉक्टरांकडे फोन लाव. आपलं दोघांचं सांग."

"अहो, पण अनुप म्हणत होता की त्या दुसरीसाठी—"

"जी असेल ती," दादा म्हणाला. "त्यांच्याकडे जी असेल ती."

वहिनीने मान डोलावली. मीनाक्षीला वाटलं होतं, हे शब्द ऐकले की आपल्या डोक्यावरचं ओझं उतरेल. ते उतरलं, पण त्या जागी मोठी पोकळी झाली. राजीवने सांगितलेलं आता काही तिच्याजवळ एकटीचं उरलं नव्हतं.

दादा खुर्चीच्या हाताला धरून उठला. या काही मिनिटांत तो म्हातारा दिसायला लागला होता. टोपी खाली पडली ती त्याने उचलली नाही.

"कुठे निघालात?" वहिनीने विचारलं.

"आंघोळीला."

"आत्ता? एवढ्या थंडीत? सकाळी केलीत ना?"

"राजाची करायचीय."

"अहो, ती तेव्हा केली होतीत," वहिनी अगदी हळू म्हणाली. विसरभोळ्या माणसाला सांभाळून घ्यावं तसं. "गेल्या वर्षी. फोन आला तेव्हाच."

"तेव्हा मला कुठे कळलं होतं?" दादा म्हणाला आणि आत गेला.

फोन तसाच टेबलावर राहिला. पडद्यावर आता रिकामी खुर्ची होती आणि मागे भिंतीवर अर्णवच्या मुंजीचा फोटो. मीनाक्षीला फोन बंद करणं सुचलं नाही. आतून दार लावल्याचा आवाज आला, मग नळ सोडल्याचा. रिकाम्या बादलीत पाणी पडायला लागलं की सुरुवातीला खणखणतं, मग जसजशी बादली भरते तसा आवाज जाड होत जातो. ती ऐकत राहिली. पूर्वी जिन्यातून खाली येऊन तिच्या शेजारी बसली. आवाज जाड झाला, मग बादली काठोकाठ भरल्याचं कळलं. मीनाक्षी नळ बंद व्हायची वाट बघत होती.

नळ बंद झाला नाही. पाणी बादलीच्या काठावरून फरशीवर सांडायला लागलं. वहिनी हातातली सुरी ठेवून बाथरूमच्या दारापर्यंत गेलेली दिसली. तिने दार वाजवायला हात उचलला, आणि न वाजवताच खाली घेतला. मग ती तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली.

तिकडे पाणी वाहत होतं. इकडे चहा निवून गेला होता. मीनाक्षीने फोन उचलून कानाशी धरला, आणि राजीवच्या खुर्चीकडे बघत ते पाणी ऐकत बसली.